वरातीतून आलेली वयस्क घोडी आणि जमिनीवरचं शिक्षण: सुरुवात कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालाडला राहणाऱ्या एकांनी वरातीचा धंदा बंद करणाऱ्या माणसाकडून पांढरी नुकरी (गुलाबी कातडीची) घोडी घेतली, मनोरीजवळ ओळखीच्या वाडीत ठेवलीय. विकणारा म्हणाला नऊ वर्षांची, डॉक्टर म्हणाले चौदा-पंधरा तरी असेल. दोर धरून चालवायला गेलं की घोडीच माणसाला ओढत नेते, थांबवली की जागच्या जागी नाचते, लाँजिंगला (म्हणजे लांब दोरावर माणसाभोवती गोल फिरवायला) बाहेर पाठवली की वळून तोंडासमोर येऊन उभी राहते, आणि काठी दिसली की पुढचे पाय उचलून आपटायला लागते. कुणीतरी सांगितलंय की गोल कुंपणात घालून दमेपर्यंत पळवा, मालक कोण ते एकदा कळलं की सरळ येईल. तर हे करू का, आणि या वयात ती शिकेल का, असं विचारलंय.

शिकेल. विशीच्या पुढची घोडी नवी कामं शिकताना मी भरपूर बघितलीयत, आणि तरण्या घोड्यापेक्षा शांतपणे शिकतात. पळवण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका, का ते पुढे सांगतो.

तुमची अडचण वयाची नाहीये. तिला आधीच खूप काही येतंय, ही अडचण आहे. शिंगरू हातात आलं तर काठी म्हणजे काय, दोर ओढला म्हणजे काय, हे सगळं तुम्ही ठरवता. हिच्या बाबतीत ते दहा-बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलंय आणि तुम्हाला ते सांगितलेलं नाही. नाचणारी घोडी कशी तयार करतात बघितलंय का कधी? तोंड वर ओढून धरतात, काठीने गुडघ्याखाली टिचक्या मारत पाय उचलायला लावतात, पायात घुंगरू आणि शेजारी ढोल. काही महिन्यांत ती काठी बघूनच पाय उचलायला लागते. आता तुम्ही काय करताय, तर ती पुढे गेली म्हणून घाबरून हनुवटीखाली दोर वर ओढताय आणि दुसऱ्या हातात काठी आहे. म्हणजे तुम्हीच तिला नाच म्हणताय. ती बिचारी ड्युटी करतेय, आणि तुम्ही म्हणताय ऐकत नाही.

मुंबईत हातात येणारा जवळपास प्रत्येक वयस्क घोडा असा आधीचा धंदा घेऊनच येतो, म्हणून थोडं विषयांतर करतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. महालक्ष्मीचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तो संपला की रेसमधून काढलेले घोडे बाहेर पडतात. रेसच्या घोड्याला दोर धरून चालणं, आंघोळ, व्हॅनमध्ये चढणं हे सगळं झोपेत येतं, पण तो आयुष्यभर डाव्या बाजूनेच हाताळलेला असतो आणि जॉकीला चालता चालताच वर चढवून दिलेला असतो, त्यामुळे स्टुलाशेजारी स्थिर उभं राहणं हा त्याच्यासाठी संपूर्ण नवा विषय आहे. शिवाय तोंडावर वजन आलं की त्यावर रेलून जोर लावायची त्याची सवय, म्हणून तुम्ही जितकं ओढाल तितका तो पुढे. पोलोचा घोडा मानेला दोर टेकला की गर्रकन वळतो, आणि नवखा मालक म्हणतो हा उगाच फिरतो. माथेरानचा घोडा पुढच्याच्या शेपटीमागे दिवसभर चालेल पण एकट्याला फाटकाबाहेर काढा म्हटलं तर घोडं तिथेच पेंड खाणार. जुहूच्या वाळूवर मुलांना फिरवणारा घोडा ठराविक जागेवर आपोआप वळतो कारण तिथेच फेरी संपायची. आणि व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे घोडे, २०१५ ला हायकोर्टाने त्या बंद करायला सांगितल्या तेव्हा मुंबईच्या रस्त्यावरून गेले ते, त्यांच्यातले जे अजून आहेत ते खूप म्हातारे, पण त्यांना डोळ्यांच्या झापडांची सवय असायची, झापडं काढली की मागून येणारी प्रत्येक गोष्ट नवीन.

म्हणून पहिलं काम शिकवण्याचं नाही, विचारण्याचं. पण त्याच्याही आधी डॉक्टर.

शाळेत असताना ते कोडं सगळ्यांनी ऐकलंय, भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, उत्तर न फिरवल्यामुळे. तरण्या घोड्याला ते लागू पडतही असेल. चौदा-पंधरा वर्षांचा घोडा अडला तर माझा पहिला संशय दुखण्यावर असतो, आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो. वय डॉक्टरांना कसं कळलं ते तुम्ही स्वतः पण बघा, वरच्या जबड्यातल्या समोरच्या दातांच्या ओळीत अगदी कोपऱ्यातला जो दात, त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी मळकट खाच असते. ती हिरडीपाशी साधारण दहाव्या वर्षी डोकावते, पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला पूर्ण दातभर. दोन-तीन वर्षं इकडे तिकडे होतात पण नऊ आणि पंधरा यातला फरक कळायला पुरेसं आहे. वय कमी सांगणं हे घोड्याच्या बाजारात चालतंच, त्यात नवीन काही नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात जा नाहीतर कुठेही जा, देवमण आहे का, भोवरा कुठे आहे, ही केसांची शुभ-अशुभ मानलेली वळणं बघायला दहा माणसं वाकतात आणि खूर उचलून बघणारा एक नसतो.

तोंड पूर्ण उघडून दाढा तपासून घ्या. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड सुरीसारखी धारदार होते, गाल आणि जीभ कापली जाते. या वयात वर्षातून एक-दोनदा ते तपासून घासून घ्यावं लागतं, आणि वरातीच्या घोड्यांचे दात मी फार क्वचित घासलेले बघितलेत. ओठांच्या कोपऱ्यात आणि जिभेवर जुने वळ, पांढरे डाग आहेत का बघा. काटेरी लगाम घालायला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे तरी वरातीत ते सर्रास दिसतात, आणि ज्या तोंडात काटे गेलेत ते तोंड दोर हलला तरी वर जातं. असं असेल तर पुढचे काही महिने तोंडात लोखंड घालायचंच नाही, हॉल्टरवरच (नुसत्या म्होरकीवर) काम.

मग पाय. रोज डांबरावर तासन् तास नाचलेली घोडी आहे, मागच्या पायांचे ढोपरासारखे दिसतात ते सांधे आणि पुढच्या पायांची खुरं डॉक्टरांना आणि चांगल्या नालबंदाला एकत्र दाखवा, एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असं नको. ती सकाळी ठाणावरून निघताना पहिली दहा पावलं कशी टाकते ते मोबाईलवर शूट करून ठेवा, आखडलेपण तिथेच दिसतं, नंतर गरम झाली की लपतं. खूर तुम्हाला घरच्या घरी रोज तपासता येतं, तळहात लावून गरम लागतंय का बघा आणि खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोटांनी हलकं दाबून नाडी शोधा. निरोगी पायात ती जेमतेम सापडते, धाडधाड लागली तर त्या दिवशी काम बंद आणि डॉक्टरांना फोन.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणी झालीय का? नसेल तर ती आल्याशिवाय वाडीतल्या दुसऱ्या जनावरांजवळ बांधू नका, तो माणसालाही होतो, नमुना हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, तुमच्या डॉक्टरांना प्रोसिजर माहीत असेल. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, आणि सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार जो माश्यांमुळे पसरतो, त्याचीही तपासणी एकदा करून घ्या कारण आतून आजारी घोडी सुस्त असते आणि आपण म्हणतो किती शांत आहे. अजून एक, तिचे केस लांब नि जाड राहतायत का, एप्रिल-मेच्या उकाड्यातही झडत नाहीत का? वयस्क घोड्यांत हे एका हार्मोनच्या आजाराचं लक्षण असतं आणि त्यात खुरं सुजायचा धोका वाढतो. तसं असेल तर गूळ, केळी, सगळा लाडाचा खुराक बंद. तसाही गूळ कमीच बरा.

हे झालं की पहिले दोन आठवडे शिकवणं शून्य. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळी माहिती मिळते. खरारा करा, पाणी, गवत, चंदी तुम्ही स्वतः द्या (आधीचा खुराक विचारून घ्या आणि बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करून, नाहीतर पोटदुखी ठरलेली), संध्याकाळी वाडीतच दोर धरून चरायला सोडा. आणि बघत राहा. खरारा करताना पाठीच्या कुठल्या जागी कातडी थरथरते किंवा कान मागे जातात. उजव्या बाजूने गेलात तर ती डोकं फिरवून तुम्हाला डाव्या डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करते का, बहुतेक करेल. हात वर केला तर मान वर जाते का, हे फार महत्त्वाचं, ज्याने मार खाल्लाय तो घोडा हाताच्या सावलीला पण दचकतो. लांबून ढोल ऐकू आला तर काय करते. तिथे आजूबाजूला लग्नं आणि हळदी होतच असतील, डीजे सुरू झाला की तिचा अवतार बदलेल, मान कमानीसारखी होईल, पाय आपोआप सुरू. तिला फटाक्यांची भीती बहुधा नसेलच, तिच्यासाठी फटाका म्हणजे ऑफिसची बेल. अशा वेळी तिला ओरडायचं नाही आणि गोंजारायचंही नाही, शांतपणे चालायला घेऊन जा, तेवढंच.

सामान कमीत कमी. मऊ पण बारीकसा दोरीचा हॉल्टर नाहीतर नेहमीचा पट्ट्याचा, नीट बसणारा. सुती दोर साधारण बारा फुटी. हातमोजे. बंद बूट, आणि हेल्मेट जमिनीवर काम करताना पण, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही कधीच, घड्या करून मुठीत धरायचा, गुंडाळलेला दोर आणि उधळलेला घोडा यात बोटं जातात. काठी वाडीबाहेर ठेवून या, दिसेल अशी पण नको.

आता पहिला धडा, आणि इथे जरा सावकाश जाऊ कारण बाकी सगळं यातूनच निघतं. तिच्या शेजारी डाव्या खांद्याजवळ उभे राहा, समोर नाही, कपाळाच्या अगदी समोरचं तिला दिसत नाही. दोर हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरा आणि हात खाली जमिनीकडे न्या, इतका हलका की फक्त दोरातला ढील जाईल आणि कानामागे पट्टा टेकल्याचं तिला जाणवेल. ओढायचं नाही. तसंच थांबा. ती आधी डोकं वर करेल, तुमचा हात तिच्याबरोबर वर जाऊ दे पण तेवढाच हलका ताण राहू दे, वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. ती डावीकडे उजवीकडे डोकं फिरवून बघेल, एखादं पाऊल मागे टाकेल, फुरफुरेल, पाय आपटेल. आणि मग एका क्षणी, कधी दहा सेकंदांत, कधी दोन मिनिटांनी, तिचं नाक इंचभर खाली येईल. इंचभरच. त्याच सेकंदाला मूठ उघडा, पूर्ण. दोर ढिला. हात बाजूला. श्वास सोडा. मग काही करू नका, पंधरा-वीस सेकंद नुसते उभे राहा.

तिला शिकवलं ते तुमच्या ताणाने नाही, त्या मूठ उघडण्याने शिकवलं. ती कुठल्या क्षणी उघडली तेच ती लक्षात ठेवते. दोन सेकंद उशीर झाला आणि तोवर डोकं परत वर गेलं असेल तर तुम्ही डोकं वर करायला शिकवलंत, इतकं साधं आहे ते. म्हणून मी नवख्यांना सांगतो की आधी घरी एकमेकांवर प्रॅक्टिस करा, एकाने दोराचं टोक डोळे मिटून धरायचं, दुसऱ्याने ताण द्यायचा आणि सोडायचा, हात किती जड असतो ते तेव्हा कळतं, विशेषतः ज्यांना वाटतं आपला हात हलका आहे त्यांना.

चार-पाच वेळा झालं की त्या दिवशी बास. दुसऱ्या दिवशी नाक छातीपर्यंत येईल, आठवड्याभरात गुडघ्यापर्यंत. आणि वरातीच्या घोडीला हाच धडा पहिला का, तर तिचं अख्खं नाचणं मान वर असण्यावर उभं आहे. डोकं खाली असताना घोड्याला नाचता येत नाही. म्हणजे नाच बंद कर असं न सांगता तुम्ही तिला दुसरं काम दिलंत, आणि पुढे कधी रस्त्यात डीजे लागला तर तुमच्याकडे एक हत्यार असेल. मध्ये ती ओठ चाटेल, चघळल्यासारखं करेल. काही लोक याला घोड्याने मान्य केलं म्हणतात. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच की मगाशी तिला ताण होता आणि आता उतरला. वारंवार दिसत असेल तर तुम्ही वारंवार ताण देताय, जरा हळू घ्या.

मग मागे सरकणं. त्याच जागी उभे राहून दोर तिच्या छातीच्या दिशेने, आडवा, खाली. वर नाही हं, वर गेला की नाच. इथे पाऊल पडायची वाट बघू नका, त्याआधी वजन मागे जातं ते बघा, छातीचे स्नायू घट्ट होतात, पुढचा गुडघा किंचित सैल होतो, तिथेच सोडा. पहिल्या दिवशी वजन, दुसऱ्या दिवशी एक पाऊल, आठवड्यात तीन-चार. यापेक्षा जास्त मागे चालवायचं नाही, मागच्या सांध्यांवर भार येतो.

आणि आता ते ओढत नेणं. तुम्ही बहुतेक तिच्या पुढे चालून दोर ताणताय नाहीतर हनुवटीला लटकताय. वरातीत एक माणूस कायम तिच्या तोंडाला लटकलेलाच असतो, त्यामुळे ताणलेला दोर ही तिच्यासाठी नॉर्मल परिस्थिती आहे, त्यातून तिला काहीच कळत नाही. ढिला दोर हीच तिच्यासाठी बातमी आहे. भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने चाला, ती कुंपण आणि तुमच्यामध्ये, तुम्ही मान आणि खांदा जुळतात तिथे. पाच-सहा पावलं चालायचं, श्वास सोडायचा, स्वतः थांबायचं. ती पुढे जाईल, मग एकदाच दोर खाली-मागे, ती थांबली की लगेच ढिला, आणि पुढे गेलेली पावलं शांतपणे मागे घ्यायला लावायची. परत चालायचं. सुरुवातीला हे इतकं बोअर होईल की वाडीतली माणसं हसतील, पाच पावलं, थांब, पाच पावलं, थांब. पण हळूहळू तुमच्या लक्षात येईल की ती तुमच्या श्वासावर थांबायला लागलीय, दोर हलायच्या आधी. तिचा तुमच्या बाजूचा कान तुमच्याकडे वळलेला असेल, तो कान बघत चाला, तो बाहेर गेला की लक्ष गेलं.

उभं राहणं मुद्दाम वेगळं शिकवावं लागतं. घोडीला वाटतं थांबणं म्हणजे नाचायची वेळ झाली, कारण वरात जिथे थांबते तिथेच फर्माईश होते. म्हणून सुरुवातीला थांबलात की तीन सेकंदांतच, ती हलायच्या आधी, तुम्ही स्वतःहून पुढे चाला. मग पाच सेकंद, मग दहा. ती हललीच तर डोकं खाली मागा. खायला देऊन उभं करायचा प्रयत्न मी या घोडीबरोबर तरी करणार नाही, वरातीच्या घोड्यांना लोक रस्त्यात हाताने काहीबाही भरवतात आणि खिशाला तोंड लावायची सवय आधीच असते. गाजर द्यायचं तर काम संपल्यावर, बादलीत.

मागचा पुठ्ठा बाजूला सरकवणं हे पाचवं. डाव्या बाजूला उभे राहा, तिचं नाक किंचित तुमच्याकडे घ्या, आणि जिथे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्याच्या थोडं मागे, बरगडीवर, दोन बोटांनी टेका. काठी नाही, बोटं. हलकं, मग जरा जास्त, मग नाणं दाबल्यासारखं, आणि मागचा आतला पाय बाहेरच्या पायाच्या पुढून ओलांडला की सोडा. एका वेळी दोनच पावलं. याचा फायदा हा की कधी ती उधळायला निघाली तर मागचा भाग वळवला की जोर मोडतो. पण वयस्क घोडीत पाय ओलांडला गेला नाही, नुसता टाच फिरवल्यासारखा फिरला, किंवा एका बाजूला छान आणि दुसऱ्या बाजूला शेपूट आपटत केला, तर ते शिस्तीचं खातं नाही, ते सांध्याचं. परत डॉक्टर.

हे सगळं उजव्या बाजूनेही करायचं, आणि तिकडे पहिल्यापासून सुरुवात करायची. डावीकडे आलं म्हणजे उजवीकडे आलं असं घोड्यात होत नाही.

आता पळवण्याचं. गोल कुंपणात पळवलेला घोडा शेवटी तुमच्याकडे येऊन उभा राहतो हे खरं आहे आणि बघायला भारी दिसतं, पण तो येतो कारण लांब राहिलं की पळावं लागतं, आणि दमलाय. तुमच्या घोडीच्या बाबतीत तर याहून वाईट. छोट्या वर्तुळात वेगाने फिरताना आतल्या बाजूच्या पायांच्या सांध्यांवर वेडावाकडा भार येतो आणि ते सांधे आधीच झिजलेले असणार. वर मुंबईची हवा, घाम वाळतच नाही म्हणून शरीर थंड होत नाही. काही घोड्यांचा तर दमट हवेत घामच बंद होतो, कातडी कोरडी आणि श्वास भात्यासारखा, हे दिसलं तर ताबडतोब सावली, अंगावर गार पाणी ओतत राहायचं, प्यायला द्यायचं आणि डॉक्टर. आरामात असताना तिची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ च्या आसपास असावा, ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर नको. हे आकडे थंड वेळी दोन-तीनदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा म्हणजे तिचं नॉर्मल काय ते कळेल. काम सकाळी सात-साडेसातच्या आत उरका, दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. गुलाबी कातडीची आहे म्हणून नाक आणि डोळ्यांभोवती उन्हाने भाजतं, तेही बघा.

लाँजिंगला ती वळून समोर येते यात तिची काही चूक नाही, तिला बाहेर जा म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही, वरातीत माणूस कायम तोंडाशी. साधारण दीड-दोन महिने वरचं सगळं झालं, डॉक्टरांनी पायांना हो म्हटलं, की मग सुरू करा, आणि तेही चालत्या पायांनी. तुम्ही तिच्याबरोबर खांद्याजवळ चालत राहा आणि रोज हळूहळू एक-एक हात अंतर वाढवत बाजूला व्हा, तुमचं तोंड आणि पोट तिच्या पुठ्ठ्याकडे, पुढे सरकलात तर ती थांबेलच, सगळे नवखे तिथेच चुकतात. वर्तुळ मोठं, वीस मीटर व्यासाच्या आसपास, दोन-तीन फेऱ्या एका बाजूला, तितक्याच दुसऱ्या, बास. दुडकी चाल फार नंतर. काठीची गरज पडलीच तर आधी काठीचा अर्थ बदलावा लागेल, म्हणजे ती जमिनीवर टाकलेली, मग हातात पण खाली, मग काठी घोडीच्या खांद्याला टेकवून खरारा केल्यासारखं चोळायचं, पाय उचलला की थांबून राहायचं, पाय टेकला की काठी बाजूला. याला वेळ लागतो. माझ्या अंदाजाने या घोडीला काठीशिवायच भागेल.

तुम्ही मनोरीला आहात तर समुद्र जवळ आहे, ओहोटीची ओली कडक वाळू सरळ चालवायला उत्तम, पायांना बरी. वरची कोरडी भुसभुशीत वाळू टाळा, पायामागच्या कंडरा (दोरीसारखे स्नायूंचे बंध) ओढल्या जातात. आणि शनिवार-रविवार नको, लोक फोटोसाठी येतात आणि तिला वाटेल सुपारी आली. पावसाळ्यात किनाराही बंद आणि काम पण कमी, तेव्हा ठाण कोरडं ठेवणं हेच मोठं काम, खुराच्या तळव्यातला मऊ भाग काळा पडून घाण वास यायला लागला तर आधी ते बरं करा, घोडीने पाय का ओढून घेतला याचं कोडं आपोआप सुटेल. नालबंद महिना-दीड महिन्याने बोलवाच, आणि त्याला सांगून ठेवा की मागचा पाय खालीच धरायचा, कमरेपर्यंत उचलायचा नाही, थोडं थोडं करून मध्ये टेकवू द्यायचा.

एवढं करून तिने पुढचे पाय उंच उचलून माणसाच्या दिशेने मारले किंवा दात दाखवत अंगावर आली तर एकट्याने काम करू नका, अनुभवी माणूस शेजारी उभा करा. नाचताना पाय आपटणं वेगळं आणि मारायला येणं वेगळं, दुसऱ्यात कान पूर्ण मागे चिकटलेले असतात आणि मान लांब होते.

रक्ताचा रिपोर्ट आणि दाढा बघून झाल्या की कळवा. सोबत दोन व्हिडिओ पाठवा, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, सरळ रेषेत चालताना, दोर ढिला, सिमेंटवर नाहीतर डांबरावर. वाळूत नको, वाळूत लंगडणं दिसत नाही.